अल्टोवर स्पॉयलर, डॅशबोर्डवर बाप्पा: गाडीच्या जुगाडांमागचं फिजिक्स

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलण्याचा सूर बराचसा तसाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे रस्त्यावर दिसणारी विचित्र घरगुती मॉडिफिकेशन्स. मी रोज हिंजवडीला जातो-येतो, त्यामुळे निरीक्षणाला वेळच वेळ. अल्टोच्या डिकीवर विमानाच्या पंखाएवढा स्पॉयलर. एकच सायलेन्सर असलेल्या गाडीला मागे चिकटवलेली चार नकली नळकांडी. 4141 असं वळवून लिहायचं की ‘दादा’ वाचता आलं पाहिजे. ब्रेक दाबला की डिस्कोसारखे लुकलुकणारे लाइट. हसू येतं, पण यातलं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. म्हणून मी याचे सरळ दोन भाग करतो: डोळ्यांना त्रास देणारे जुगाड आणि जिवाला त्रास देणारे जुगाड.

पहिला भाग पटकन उरकू. स्पॉयलरचं काम हवेच्या दाबाने गाडीची मागची बाजू खाली दाबून धरायचं. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 120 किमीला जेवढा दाब मिळेल, त्याचा सोळावा हिस्सा 30 ला मिळतो. आणि वाकड पुलावर 30 मिळाले तरी नशीब! त्यात अल्टोसारख्या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे मागची चाकं दाबून पिकअपही वाढत नाही. थोडक्यात, तो स्पॉयलर म्हणजे टॉवेल वाळत घालायचा दांडा. आवड ज्याची त्याची, चालू द्या.

आता खरा मुद्दा.

पुढचा लोखंडी गार्ड. एसयूव्हीला ‘दमदार लुक’ म्हणून बसवतात. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवलेला असतो की धडकेत तो चुरगळला पाहिजे. तो चुरगळतो, धक्का शोषून घेतो, आणि आतल्या माणसाला कमी झटका बसतो. गाडीतले सेन्सर वेग किती झपाट्याने कमी होतोय ते मोजतात आणि काही मिलीसेकंदांत एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवतं. हे गणित कंपनीने मूळ गाडी ठोकून ठोकून बसवलेलं असतं. चॅसीला जाड लोखंड जोडलं की धडकेचा सगळा पॅटर्नच बदलतो. एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडणारच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर टाकलेला पॅच. शिवाय समोर पादचारी आला तर त्याला चुरगळणारा पत्रा नाही, सरळ लोखंडाचा पाइप लागतो. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं.

हेडलाइटमध्ये ‘पांढरा’ बल्ब. साध्या हॅलोजन हेडलाइटमध्ये मागचा आरसा एका विशिष्ट जागी असलेल्या तारेसाठी आखलेला असतो. तिथे बाजारातला एलईडी किंवा एचआयडी बल्ब घातला की प्रकाश निघायची जागा आणि आकार बदलतो. मग लो-बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्हाला वाटतं उजेड वाढला. समोरच्याला काहीच दिसत नाही. ताशी 60 किमीला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर तो माणूस 50 मीटर आंधळा चालवतोय, आणि तो तुमच्याच दिशेने येतोय!

स्प्रिंग कापणं. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग मऊ नाही, उलट कडक होते, आणि वर-खाली व्हायला जागाही कमी उरते. मोठ्या खड्ड्यात चाक खाली लोंबकळलं की आखूड स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर हा प्रयोग? हात जोडले.

आता घरातला जुगाड, ज्याला कोणी मॉडिफिकेशन म्हणतच नाही. पॅसेंजरसमोरच्या डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असतं, आणि नेमका त्यावर डबल टेपने बाप्पा चिकटवलेला असतो. एअरबॅग उघडते तेव्हा ते झाकण प्रचंड जोरात फाटतं आणि वर जे काही असेल ते थेट चेहऱ्याकडे येतं. श्रद्धा राहू द्या, जागा बदला. डॅशबोर्डच्या मधोमध, एअरबॅगच्या झाकणापासून लांब बसवा. तसंच सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर साधं घट्ट सीट कव्हर तिला अडवू शकतं. तिच्यासाठी शिवण मोकळी सोडलेलंच कव्हर घ्या. आणि बेल्टचा बीप बंद करणारी ती क्लिप? 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती ऑनलाइन साइट्सवरून काढायला लावली. घरात असेल तर आजच फेका.

कायदा थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलायचा असेल तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करा.

मग हौस मारायची का? अजिबात नाही. काही लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. एअरबॅग, ब्रेक, सस्पेन्शन किंवा लाइट यांना हात लागतोय का? समोरच्याला त्रास होतोय का? आरसीवर लिहिलंय त्यात काही बदलतंय का? तिन्हीला ‘नाही’ असेल तर खुशाल लावा, अगदी पंखाएवढा स्पॉयलरसुद्धा. आम्ही सिग्नलला हसू, एवढंच.

तोवर आज खाली पार्किंगमध्ये जाऊन घरच्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा बघून या. भेटू पुढच्या एपिसोडला!