लात्वेरियाचा राजा पडद्यावर येताना

चित्रपटातला खलनायक कोणी करावा, यावर आपल्या घरांतून वाद झाल्याचे फारसे कोणाला स्मरणार नाही. नायक कोण, नायिका कोण आणि गाणी कशी आहेत, एवढे कळले की तिकिटे काढावयाची. खलनायक म्हणजे पानातले लोणचे. असले तर चार घास जास्त जातात, नसले तर कोणी पानावरून उठत नाही. ‘शोले’तला गब्बरसिंग घरोघरी पोचला खरा, पण तो चित्रपट पाहून झाल्यावर. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या शौकिनांची रीत निराळी. तेथे चित्रपट निघण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून खलनायकावर खल चालतो. त्याला कोणी उभे करावे, त्याचा आवाज कसा असावा, मुखवटा काढावा की नाही, यावर मंडळी हमरीतुमरीवर येतात. आणि असा खल वर्षानुवर्षे ज्याच्यावर चालत आला आहे, तो पुरुष म्हणजे डॉक्टर डूम.

माझ्याकडे पेटी शिकावयास येणारे दोघे भाऊ या वादात आकंठ बुडालेले आहेत. थोरला अलंकार घोटता घोटता मध्येच थांबतो, धाकट्याला काहीतरी सुनावतो, आणि भात्यातला वारा निघून जातो. त्यांच्यामुळेच ही पुस्तके माझ्या हाती आली. प्रथम मी ती मास्तरी संशयाने चाळली, मग वाचली, आणि आता या बाबतीत माझेही एक मत झाले आहे. मत झाले की ते चारचौघांत मांडल्यावाचून चैन पडत नाही, हा गुण बडोद्याच्या पाण्याचा असावा.

डूम प्रथम अवतरला तो १९६२ साली, ‘फँटॅस्टिक फोर’ या चित्रकथामालेच्या पाचव्या अंकात. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. अंगावर पोलादी चिलखत, त्यावर हिरवा झगा, तोंडावर लोखंडी मुखवटा. एवढ्यावरच भागले असते तर तो इतर शेकडो दुष्टांच्या गर्दीत हरवून गेला असता. पण १९६४ च्या वार्षिक अंकात त्याची पूर्वकथा आली आणि त्याला घरदार मिळाले. युरोपातले लात्वेरिया नावाचे एक चिमुकले, कल्पित राज्य. तेथल्या रोमा लोकांच्या तांड्यात हा जन्मला. आई मंत्रतंत्र जाणणारी, ती लहानपणीच गेली. बाप वैद्य. तेथल्या सरदाराची बायको आजारी पडली, वैद्याला बोलावणे आले, औषध चालले नाही, बाई दगावली. वैद्य पोराला घेऊन बर्फाच्या डोंगरांत पळाला, स्वतःचे पांघरूण पोराला घातले आणि थंडीने गेला. पोर अचाट बुद्धीचे निघाले. अमेरिकेतल्या विद्यापीठात गेले. तेथे मृतांच्या लोकाशी संधान बांधणारे यंत्र त्याने रचले. गणितात चूक आहे असे एका सहाध्यायाने दाखविले, ते ऐकण्याइतका नम्रपणा अंगी नव्हता. स्फोट झाला, चेहरा भाजला, विद्यापीठाने हाकलून दिले. मग तिबेट, तेथल्या भिक्षूंनी घडविलेले चिलखत, आणि अखेर परत लात्वेरिया. पण या खेपेस राजा म्हणून.

या रोमा लोकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे, म्हणजे आपल्या मराठी-गुजरातीची दूरदेशी दिलेली बहीण. फिरते, हाकलले गेलेले, आणि गाण्याबजावण्यात युरोपभर नाव काढलेले लोक. अशा तांड्यातले पोर ज्यांनी बापाला मारले त्यांच्याच गादीवर बसते, ही कथा मुळातच भरदार आहे.

चित्रपटवाल्यांनी तिचे काय केले? १९९४ साली रॉजर कॉर्मन यांनी अगदी थोडक्या पैशांत एक चित्रपट काढला, तो कधी रीतसर प्रदर्शितच झाला नाही. २००५ मध्ये जूलियन मॅकमॅहन डूम झाला. पण कोणता डूम? एका कंपनीचा मालक, उंची सूट घालणारा, भांडवल बुडाले म्हणून चिडलेला. लात्वेरिया उरला तो केवळ शेवटी, त्याचा देह पेटाऱ्यात घालून जहाजाने जेथे पाठवावयाचा तो पत्ता म्हणून. २०१५ च्या चित्रपटाची कथा त्याहून मजेची. त्यात काम करणाऱ्या टोबी केबेलने आधीच सांगून टाकले की आपला डूम म्हणजे डोमाशेव नावाचा एक माणूसघाणा संगणकतज्ज्ञ आहे. चाहत्यांनी इतका गहजब केला की चित्रपट आला तेव्हा नाव पुन्हा फॉन डूम झालेले होते. नाव परत आले, राज्य आले नाही.

मग २७ जुलै २०२४ रोजी सॅन डिएगोच्या मेळाव्यात हिरव्या झग्यांतली मुखवटाधारी माणसे रंगमंचावर रांगेने उभी राहिली, मधल्या एकाने मुखवटा काढला, आणि आतून निघाला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. जो २००८ पासून २०१९ पर्यंत आयर्न मॅन म्हणून चिलखत घालून जगाला वाचवीत होता, तोच. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याच रात्रीपासून भांडणेही सुरू झाली. कोणाला किलियन मर्फी हवा होता, कोणाला मॅड्स मिकेल्सन. कोणी म्हणाले, रोमा रक्ताचा नट का घेतला नाही? कोणी म्हणाले, मुखवट्याआड जुना टोनी स्टार्कच निघणार. त्या चित्रपटाचे नाव ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’. २०२५ च्या मे महिन्यात त्याची तारीख पुढे सरकून १८ डिसेंबर २०२६ झाली, म्हणजे तर्क करावयास आणखी सात महिने मिळाले. त्यातच जुलै २०२५ मध्ये आलेला ‘फँटॅस्टिक फोर’चा नवा चित्रपट संपता संपता एका बालकासमोर हिरवा झगा पांघरलेली आकृती दिसली. पाठमोरी. हातात मुखवटा. चेहरा नाहीच. माझ्या दोघा विद्यार्थ्यांचा एक अख्खा आठवडा त्या पाठीवर खर्च झाला.

मुखवट्याचा वाद तर फारच जुना. कर्बी यांची कल्पना अशी होती की डूमच्या चेहऱ्यावर असेल तो एक लहानसा व्रण. पण स्वतःला परिपूर्ण समजणाऱ्याला तेवढाही सोसवला नाही. पुढे १९८५ मध्ये जॉन बर्न यांनी दाखविले की भट्टीतून काढलेला मुखवटा निवण्याची वाट न पाहता डूमने तो तोंडावर चढविला, आणि उरलासुरला चेहरा आपल्याच हाताने जाळून घेतला. हे ज्यांनी वाचले आहे ते म्हणतात, मुखवटा काढूच नये. निर्मात्याचे गणित उलटे: एवढे पैसे मोजून आणलेला चेहरा झाकून ठेवावयाचा कशाला? तथापि ते अशक्य नाही. २००६ साली आलेल्या ‘व्ही फॉर व्हेंडेटा’त ह्यूगो वीव्हिंगचा चेहरा मुखवट्याबाहेर येत नाही, २०१२ च्या ‘ड्रेड’मध्ये कार्ल अर्बन शिरस्त्राण उतरवीत नाही. दोघेही लक्षात राहतात.

येथे गायन-मास्तर म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे. चेहरा झाकला की सगळा भार गळ्यावर येतो. डोळ्यांनी सावरून घेता येत नाही, हाताने भाव दाखविला तर तो नाटकी होतो. राहिला सूर आणि लय. डाउनीची लय सर्वांना ठाऊक आहे: द्रुत, बोल टाकून पुढे पळणारी, समेवर येता येता हुलकावणी देणारी. टोनी स्टार्कला ती शोभली. डूम विलंबित आहे. तो पुष्कळदा स्वतःचे नाव घेऊन, तिऱ्हाइताबद्दल बोलावे तसा स्वतःबद्दल बोलतो. आपल्या जुन्या ऐतिहासिक नाटकांतले बादशहा बोलत, त्याच थाटात. द्रुतात रमलेल्या गवयाला विलंबित मांडावयास सांगितले म्हणजे तो पहिली पाच मिनिटे अवघडतो, हे मी रोज पाहतो. डाउनीने खर्ज लावला आहे की नाही, ही माझी पहिली उत्सुकता. मुखवट्यावर तो वाचेल किंवा पडेल असे मला वाटत नाही.

पण चाहत्यांच्या सगळ्या तर्कवितर्कांत मला एक गोष्ट सदैव मागे पडलेली दिसते. चेहरा, आवाज, नट, झग्याची हिरवी छटा, सगळ्यांवर बोलणे होते. प्रजेवर होत नाही. डूम हा राजा आहे, आणि राजाला प्रजा असते. प्रजेशिवायचा डूम म्हणजे नुसता चिलखत घातलेला सावकार, आणि तो आपण तीनदा पाहून चुकलो आहोत. खाडिलकरांचा कीचक १९०७ साली रंगभूमीवर आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यात कर्झनसाहेब ओळखला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकच बंद केले. तो कीचक सत्तेवर बसलेला होता म्हणून तर झोंबला.

१९६९ साली ली आणि कर्बी यांनी चार अंकांत मिळून लात्वेरिया दाखविला. स्वच्छ गाव, फुले, सण, हसरे चेहरे. हसणे मात्र हुकुमाचे. याच कथेच्या शेवटी एक प्रसंग आहे. डूमच्या वाड्यात अमोल चित्रांचे दालन आहे. त्याच्या पदरचा शास्त्रज्ञ हाउप्टमन शत्रूंना जाळावयास ज्वाला फेकणारे यंत्र घेऊन त्या दालनात शिरतो. शत्रू हाती सापडलेले, विजय दोन पावलांवर. आणि डूम मारतो तो आपल्याच माणसाला. कारण चित्रे जळाली असती.

हा प्रसंग मी रात्री वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. माझे वडील येथल्या कलावंत कारखान्यात अगदी अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटण्याआधी नोकरीस लागले. १९४९ साली राज्य विलीन झाले. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा, शेंडेफळ. दरबार मी पाहिला नाही, ऐकला मात्र रोज. फैयाझ खांसाहेब ज्या दरबारात गायले, रविवर्म्याची चित्रे ज्या राजवाड्यात आजही लोक तिकीट काढून पाहतात, त्याचे मीठ आमच्या घराने खाल्ले आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञतेवाचून दुसरा शब्द वडिलांच्या तोंडून निघाला नाही. मालकांची मान डोलली की ती रागाला डोलली की आपल्याला, एवढे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरविता आले नाही. दुसऱ्या एका लहानशा संस्थानातली गोष्ट ते सांगत. नाव त्यांनीही कधी घेतले नाही. एका सारंगियाची वडिलोपार्जित सारंगी, हस्तिदंती कामाची, तेथल्या मालकांना फार आवडली. त्यांनी ती ठेवून घेतली, काचेच्या कपाटात, मखमलीवर. किंमतही भरपूर दिली म्हणे. सारंगिया मोकळ्या हातांनी घरी आला. वडील ही गोष्ट सांगताना मालकांना दुष्ट म्हणत नसत. त्यांना सारंगीतले खरोखरच कळत होते, असेच म्हणत.

डूमचे भय मला वाटते ते नेमके येथे. तो रसिक आहे. एखादे चित्र जळू नये म्हणून जीव तुटणारा माणूस, आणि ते वाचवावयास ज्याचा जीव घेतला त्याचे मात्र काही नाही. असा खलनायक चित्रपटात अजून आलेला नाही. विश्व गिळणारे पुष्कळ आले. १९८७ सालच्या ‘एम्परर डूम’ या पुस्तकात तर त्याला सारे जग मिळते, तो ते बऱ्यापैकी चालवितो, युद्धे थांबतात, आणि मग टेबलावरच्या कागदांच्या ढिगाऱ्याला तो कंटाळतो. राज्य जिंकण्याची हौस आणि राज्य चालविण्याचा कंटाळा! आमच्या पिढीने नाही, पण आमच्या आजोबांनी असे दरबार जवळून पाहिले असतील.

धाकट्या विद्यार्थ्याने परवा मला विचारले, “सर, पण लात्वेरियातले लोक सुखी असतात ना? पोटभर मिळते, चोऱ्या होत नाहीत. मग तो वाईट कसा?” थोरला त्याच्यावर खेकसला. मला मात्र तो प्रश्न चित्रपट लिहिणाऱ्यांकडे पाठवावासा वाटला. त्यांनी लात्वेरियाचा एक बाजार दाखवावा, एक शाळा, वाड्यात नोकरीस असलेला एखादा वाजविणारा. तो राजाविषयी काय बोलतो, आणि राजा दालनात शिरताच काय बोलेनासा होतो, एवढे दाखविले की पुरे.

आणि संगीत. अशा पुरुषासाठी चर्चमधला ऑर्गन घुमविण्याची पद्धत आहे. तो ऐकून ऐकून कान विटले. मला संधी असती तर मी राजवाड्याच्या बँडची एक चाल बांधली असती, पितळी, ताठ, सरळ सोळा मात्रांची. तिच्या खाली, प्रथम ऐकताना कळूही नये इतक्या हलक्या हाताने, एकच फिडल ठेवली असती, तांड्यातली, आईच्या मुलखातली. ती चाल बँडशी जुळत नाही. दर आवर्तनाला अर्ध्या मात्रेने मागे पडते. बँडमास्तर रागाने तिकडे पाहतो, आणि राजा मुखवट्याआडून हाताची खूण करतो, की वाजू दे. दोघा भावांना मी ही कल्पना पेटीवर वाजवून दाखविली. थोरल्याने मान डोलावली. धाकटा म्हणाला, फिडल बंद करणाऱ्या बँडमास्तराचे पुढे काय झाले, तेही दाखवावे लागेल.