तुरीच्या गांठी आणि जीवसृष्टीचा आरंभ

सोलापूरकडचा शेतकरी ज्वारीच्या रानांत पालटून तूर किंवा हरभरा करतो, कारण कडधान्यामागें जमीन सुधारते हा त्याचा पिढीजात अनुभव आहे. यांतील मर्म मुळांवरील गांठींत आहे. पावसाळ्यांत तुरीचें जोमदार रोप हलक्या हातानें उपटून एखादी गांठ नखानें फोडावी. आंतून ती गुलाबी दिसते. तिच्यांत राहणारे जंतु हवेंतील नायट्रोजनापासून अमोनिया बनवितात. खताच्या कारखान्यांत याच कामाला 400 ते 500 अंश उष्णता आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. जंतु तें मातीच्या गारव्यांत उरकतात!

त्यांचें हत्यार म्हणजे नायट्रोजिनेज हें विकर, अर्थात् रसायनक्रिया त्वरेनें घडवून आणणारें प्रथिन. त्याच्या गाभ्यांत लोखंडाचे 7 व गंधकाचे 9 अणु मॉलिब्डेनमच्या एका अणूसह गुंफलेले असतात. परंतु प्राणवायूचा स्पर्श होतांच हें विकर निकामी होतें. म्हणून गांठींत रक्तांतील हिमोग्लोबिनाच्या नात्यांतला एक पदार्थ तयार होऊन प्राणवायूला आवर घालतो. गुलाबी रंग त्याचाच.

असें नाजूक हत्यार निसर्गानें कां पत्करावें? कारण लोह-गंधकाची ही जोडी जमली तेव्हां हवेंत प्राणवायु जवळजवळ नव्हताच. तो सुमारें 240 कोटी वर्षांपूर्वीं सांचूं लागला. जीवसृष्टि त्याच्या कितीतरी आधींची. त्या समुद्रांत विरघळलेलें लोह विपुल होतें, आणि लोह-गंधकाचे पुंजके इलेक्ट्रॉनांची देवघेव लीलया करतात.

यावरून 1988 सालीं म्युनिकचे गुंटर वाख्टरहॉयझर यांनीं एक धाडसी मत मांडलें. हे गृहस्थ शिक्षणानें रसायनज्ञ, पण पोटापाण्यासाठीं पेटंटची वकिली करणारे. जीवनाची पहिली रसायनक्रिया लोह-गंधकाच्या खनिजांच्या पृष्ठभागावर सुरू झाली, विकरें मागाहून आलीं, असें त्यांचें म्हणणें. 1997 सालीं त्यांनीं व क्लाउडिया ह्यूबर यांनीं लोह आणि निकेल यांच्या सल्फाइडांवर, 100 अंश उष्ण पाण्यांत, साध्या वायूंपासून शिरक्यांतील आम्लाचें क्रियाशील रूप मिळविलें. आपल्या पेशींतही अन्नाच्या पचनव्यापाराचा मुख्य चौक याच आम्लाच्या क्रियाशील रूपाचा आहे.

प्रतिपक्षाचा आक्षेप दुबळा नाहीं. एक आम्ल हातीं लागलें म्हणजे पेशी झाली नव्हे. आणि ज्याची नक्कल निघत नाहीं त्याला वंशपरंपरा कुठली? म्हणून आर्‌एन्‌ए हाच आरंभ, असें त्या पक्षाचें मत आहे. नायट्रोजिनेज स्वतः तर फार गुंतागुंतीचें, म्हणजे आद्य नव्हेच. पण फेरेडॉक्सिन नांवाचें लहानसें लोह-गंधक प्रथिन पाहावें. एका जंतूंतील हें प्रथिन एकाच आंखूड तुकड्याच्या पुनरावृत्तीनें वाढत गेलें असावें, असें एक व डेहॉफ यांनीं 1966 सालींच दाखविलें होतें. पहिला तुकडा खनिजाच्या कणाला कसा बिलगला, यावर प्रयोगशाळांतून अजून खल चालू आहे.