पावडरची बॉडी, इंजेक्शनची बॉडी

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही शरीरसौष्ठवातल्या स्टेरॉइडवर एक छोटा माहितीपट केला. मुंबईतल्या व्यायामशाळा, मंडळांच्या ‘श्री’ स्पर्धा, स्टेजमागे एकमेकांच्या पाठीला रंग फासणारी मुलं, हे सगळं कॅमेऱ्याला फार मानवतं. अडचण वेगळीच होती. स्टेरॉइडचा फायदा पडद्यावर दिसतो, तोटा दिसत नाही. दंड दिसतो, हृदय दिसत नाही. १९७७ चा ‘पंपिंग आयर्न’ हा या खेळावरचा सर्वांत गाजलेला माहितीपट, पण त्यात स्टेरॉइडचं नावसुद्धा नाही. त्याचा नायक अर्नोल्ड श्वार्झनेगर याने पुढे आपण ती घेत होतो हे मान्य केलं. २००८ मध्ये क्रिस बेलने ‘बिगर, स्ट्राँगर, फास्टर’ करताना स्वतःच्या दोन भावांनाच कॅमेऱ्यासमोर बसवलं, तेव्हा कुठे घरातली गोष्ट घरातल्या आवाजात ऐकू आली.

आमची फिल्म दाखवल्यावर जे प्रश्न आले, त्यांतून एक गोष्ट लक्षात आली. जिमबाहेरचे लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि जिममधले भलत्याच गोष्टीवर विसंबतात.

‘पावडरची बॉडी आहे ती!’

हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. डब्यातली व्हे पावडर म्हणजे दुधातलं प्रथिन. पनीर काढल्यावर जे पाणी उरतं, त्याच जातीचं पाणी गाळून आणि वाळवून ती बनते. तिच्यात हार्मोन नसतं. मात्र डब्यावर लिहिलंय तेवढंच आत असेल, याची खात्री देता येत नाही. जर्मनीतल्या कोलोन इथल्या डोपिंग प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार ९४ नमुन्यांमध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांमध्ये, लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइड-वर्गीय पदार्थ सापडले. तेव्हा पावडर निर्दोष असली तरी विकणारा निर्दोष असेलच असं नाही.

‘स्टेरॉइड’ या शब्दाच्याच भीतीपोटी काही घरांत दम्याचा पंपही बंद केला जातो. शरीरसौष्ठवातली स्टेरॉइड टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जातीची असतात; डॉक्टर दम्याला किंवा संधिवाताला देतात ती कॉर्टिकोस्टेरॉइड. ती सूज कमी करतात. त्यांच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर स्नायू उलट झिजतात. ‘बॉडी’शी त्यांचा संबंध नाही, म्हणून पंप बंद करू नका.

आणखी एक घोळ बातम्यांमुळे होतो. महाराष्ट्रात पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन जिमशी संबंधित इंजेक्शनचे साठे पकडतात, मथळ्यात ‘स्टेरॉइड’ छापून येतं आणि बाटलीत अनेकदा मेफेन्टरमाइन असतं. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायला हे औषध वापरतात. त्याने स्नायू वाढत नाहीत. तासाभराची तरतरी येते, छाती धडधडते आणि सवय लागते.

‘इंजेक्शन काय, मेहनत तर करावीच लागते’

हा जिममधला लाडका युक्तिवाद. त्याच्या उलट बाजूला ‘सुई टोचली की झालं, मेहनत कसली’ असं म्हणणारे काका असतात. दोघांना उत्तर देणारा प्रयोग १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांचे चार गट केले. काहींना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. कमतरता असलेल्या रुग्णाला साधारणपणे देतात त्याच्या ही सहापट मात्रा. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे दोन किलो वाढलं. व्यायाम न करता औषध घेणाऱ्यांचं तीन किलो वाढलं. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलो. म्हणजे मेहनत खरी, पण घरी बसून टोचून घेणारा तिच्यावर मात करतो. ‘नॅचरल’ मुलाने शेजाऱ्याकडे बघून स्वतःला आळशी ठरवू नये, ते यासाठी.

खरं तर हा प्रयोग फार उशिरा झाला. स्टेरॉइडने ताकद वाढते याला पुरावा नाही, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने १९७७ मध्ये जाहीर केलं होतं. १९८४ मध्ये तिने ती भूमिका बदलली, पण आखाड्यातल्या पोरांना आरशात खरं काय ते आधीच दिसलं होतं. डॉक्टरांच्या इशाऱ्याला जिममध्ये अजूनही किंमत मिळत नाही, त्याचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं.

स्टेरॉइड म्हटलं की लोकांना राग आठवतो. फिल्म पाहून परीक्षकांनी आम्हाला विचारलं, ‘संतापून मारामारी करणारा मुलगा कुठे आहे?’ तो दाखवणं सोपं होतं. पण २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ५० जणांपैकी ४२ जणांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नव्हता. ठळक परिणाम दोघांवर झाला. जिममध्ये डोस याहून मोठे असतात, त्यामुळे निश्चिंत राहू नये. तरी ‘चिडत नाही म्हणजे घेत नाही’ हा निष्कर्ष चुकीचाच.

‘कोर्स संपला की पीसीटी, मग सगळं पूर्ववत’

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पीयूष ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणं थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने तो पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासला. आठवड्याला फक्त २०० मिलिग्रॅमवर निम्म्याहून अधिक पुरुषांची शुक्रजंतूंची संख्या शून्यावर आली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलंही गेलं. मर्दानगीसाठी टोचून घ्यायचं औषध ते हेच! थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती परत सुरू होते, पण काही महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. मधल्या काळातली मरगळ आणि नैराश्य पुन्हा सुईकडे नेतं. पीसीटी, म्हणजे कोर्सनंतर हार्मोन पूर्ववत व्हावं म्हणून घेतला जाणारा उपचार; त्याच्या गोळ्या आणि मात्रा बहुधा ट्रेनरच ठरवतो. शिवाय सगळंच पूर्ववत होत नाही. छातीवर स्तनासारखी गाठ वाढून जुनी झाली, तर ती शस्त्रक्रियेनेच जाते.

‘गोळीने लिव्हर जातं, इंजेक्शन सेफ’ हे अर्धसत्य आहे. यकृताला गोळ्या जास्त जाचतात. पण हृदय दोन्हींत भरडलं जातं. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं. २०१७ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये आलेल्या अभ्यासात वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची हृदयं तपासली होती. एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं, ते न घेणाऱ्यांत सरासरी ६३ होतं, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ५२. सोडून दिलेल्यांचं हृदय सध्या घेणाऱ्यांपेक्षा बरं होतं.

‘घेतलं असं सांगितलं तर पोलीस केस होईल’

ही औषधं चिठ्ठीशिवाय विकणं हा विकणाऱ्याचा गुन्हा आहे. खेळाडू चाचणीत सापडला तर स्पर्धाबंदी येते. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या (वाडा) २०१९ च्या नोंदीत भारतातले १५२ दोषी होते आणि त्यांतले ५७ शरीरसौष्ठवातले, तेही जिथे तपासणी होते तिथले. पण दवाखान्यात खरं सांगण्याला शिक्षा नाही. तुम्ही घेत असाल किंवा कधी घेतलं असेल, तर डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा आणि काळ स्पष्ट सांगा. साध्या ईसीजीवर समाधान मानू नका. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), लिपिड (कोलेस्टेरॉल), हेमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा), यकृत आणि हार्मोनच्या तपासण्यांबद्दल विचारा.