ढासळलेल्या दगडी धुऱ्याची दुरुस्ती

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग पडतात. चिखली तालुका घाटावरचा. या तालुक्यातील उंद्रीसारख्या गावांच्या चढउताराच्या शिवारात वावराच्या खालच्या अंगाला दगडी धुरा हवाच. शेतातलेच दगड वेचून, चुना किंवा सिमेंट न वापरता रचलेला हा धुरा वरच्या वावरातील माती धरून ठेवतो. पावसाळ्यात त्याला दोन-तीन मीटरची खांड पडते आणि बरेचदा पुढच्या वर्षी पाहू म्हणून ती तशीच राहते.

शेतकरी बंधूंनो, या चालढकलीचा हिशेब करून पाहा. एक एकरावरून फक्त १ सें.मी. जाडीचा थर वाहून गेला, तर सुमारे ४० घनमीटर, म्हणजे ५० टनांहून अधिक माती जाते. हीच माती सर्वांत कसदार असते. खत विकत आणता येते, पण गेलेली माती एका पिढीत परत तयार होत नाही. शिवाय खांडीतून पाणी एकवटून वाहते आणि दोन-चार पावसाळ्यांत तेथे घळ पडते. म्हणून धुऱ्याची दुरुस्ती पहिल्याच उन्हाळ्यात करावी.

धुरा का ढासळतो?

धुरा ढासळण्याचे मुख्य कारण अडलेले पाणी हे आहे. एका एकरावर ५० मि.मी. पाऊस पडला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. त्यातले जे धुऱ्यापर्यंत येते, ते दगडांच्या फटींतून निथळून जायला हवे. फटी गाळाने बुजल्या की पाणी मागे तुंबते. काळी माती ओली झाली की फुगते आणि दगडांना पुढे रेटते. धुऱ्याला पोट सुटते व एखाद्या मोठ्या पावसात तो बसतो. म्हणून पाण्याला वाट आणि मातीला आडकाठी, हे दुरुस्तीचे मुख्य सूत्र लक्षात ठेवावे.

कामाला हात घालण्यापूर्वी कारण शोधावे. धुऱ्याला पोट सुटले असेल, तर मागून दाब आला आहे. पायथ्याशी खड्डा पडला असेल, तर पाणी माथ्यावरून उडी घेत आहे. फक्त माथ्याचे दगड गळाले असतील, तर जनावरांची किंवा माणसांची वाट तेथून आहे. दगडांची ओळ मधेच फुटली असेल, तर झाडाची मुळे तपासावीत. कारण तसेच ठेवून दगड रचले, तर धुरा त्याच जागी पुन्हा पडतो.

पूर्वतयारी

रब्बीची काढणी झाल्यावर, मार्च ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत हे काम करावे. मृगापूर्वी मागची भरणी बसायला थोडा अवधी मिळाला पाहिजे. धुरा सामाईक असल्यास शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे व जुनी ओळ सोडू नये. हद्दीच्या दगडाला हात लावू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हद्दीच्या खुणा हलविल्यास दंड होऊ शकतो.

सब्बल, टिकाव, फावडे, घण, हातोडा, घमेली, ओळंबा आणि सुतळी एवढी अवजारे पुरतात. दगडांखाली विंचू-साप असतात. म्हणून दगड आधी सब्बलीने उलटावा, मगच हात घालावा. पायांत जाड बूट असावेत. लोंबकळत असलेल्या भागाखाली कधीही खणू नये. तो वरून उतरवीत यावे.

पडलेले दगड वावरात पसरून त्यांचे चार ढीग करावेत: पायासाठी मोठे, रचाईसाठी मध्यम, माथ्यासाठी चपटे व जड, आणि भरणीसाठी चिपा. हातोडा मारल्यावर खणखणीत आवाज देणारा काळा दगड चांगला. बद्द आवाज देणारा, भुगा होणारा कुजका दगड रचाईत वापरू नये.

पाया आणि रचाई

खांडीच्या दोन्ही बाजूंचा हललेला भागही घट्ट दगड लागेपर्यंत उतरवावा. या बाजू पायऱ्यापायऱ्यांनी सोडाव्यात, म्हणजे नवी रचाई जुन्यात गुंतते. त्यानंतर २० ते ३० सें.मी. खोल पाया खोदावा. मुरूम लागला तर उत्तम. पायाचा तळ मातीच्या बाजूकडे किंचित कलता ठेवावा.

१ मीटर उंच धुऱ्याची रुंदी तळाशी ६० सें.मी. व माथ्याला ४० सें.मी. ठेवावी. मागची बाजू उभी आणि दर्शनी बाजू मातीकडे २० सें.मी. झुकलेली असावी. या मापाच्या ३ मीटर खांडीला पायासह सुमारे २ घनमीटर रचाई लागते. बरेचसे दगड पडझडीतूनच मिळतात.

चुना-सिमेंटविना दगड रचण्याची विद्या अनेक देशांत आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने युरोपातील आठ देशांच्या या कलेची नोंद सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. त्या रचाईचे नियम आपल्या जुन्या गवंड्यांना ठाऊक असलेलेच आहेत:

१) दगडाची लांब बाजू धुऱ्याच्या आत जावी. देखाव्यासाठी लांब बाजू पुढे ठेवल्यास दगड सुटतो.

२) प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसवावा. उभ्या फटी एकावर एक येऊ देऊ नयेत.

३) अर्ध्या उंचीवर, दर १ मीटर अंतराने, धुऱ्याच्या पूर्ण रुंदीचा एकेक आरपार दगड घालावा.

४) दगड डुगडुगत असल्यास मागून चीप ठोकावी. पुढून ठोकलेली चीप निसटते.

५) आतील पोकळी चिपांनी हाताने बसवून भरावी. माती भरू नये. ती पावसात वाहून जाते व धुरा पोकळ होतो.

मागची भरणी, माथा व सांडवा

रचाईबरोबरच मागची भरणीही थराथराने वर आणावी. दगडाला लागून २० ते ३० सें.मी. जाडीचा खडी, गोटे व चिपा यांचा थर द्यावा, त्यामागे मुरूम आणि मग माती घालावी. काळी माती थेट दगडाला भिडवू नये. प्रत्येक थर चोपून घ्यावा, पण चोपताना धुऱ्याला धक्का लावू नये.

माथ्यावर सर्वांत जड, चपटे दगड एकमेकांना घट्ट भिडवून बसवावेत. पाणी जेथे एकवटते तेथे माथा १५ ते २० सें.मी. खाली ठेवून सांडवा सोडावा आणि त्याच्या पायथ्याशी मोठे दगड अंथरावेत. येण्याजाण्याची वाट असल्यास रचतानाच लांब दगड बाहेर काढून पायऱ्या कराव्यात.

सिमेंटचा मोह टाळा

बरेच जण मजबुतीसाठी दर्शनी फटी सिमेंटने भरतात. त्यामुळे पाण्याची वाट बंद होते आणि मागे दाब साचून संपूर्ण धुरा एकदम कोसळतो. मुळापासून सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीलाही पाणी जाण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात. धुरा १.२५ मीटरपेक्षा उंच असेल, किंवा त्याच्या वर-खाली घर, विहीर अथवा रस्ता असेल, तर स्वतः काम न करता जाणकाराचा सल्ला घ्यावा.

निगा

धुऱ्याच्या वरच्या अंगाला मारवेल किंवा वाळ्याची ओळ लावावी. वड, पिंपळ किंवा बाभळीचे रोप फटीत दिसताच लहानपणीच काढावे. मोठे झाड असल्यास ते उपटू नये, बुंध्याशी तोडावे. वखर धुऱ्याला खेटून चालवू नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर धुऱ्याच्या कडेने एक फेरी मारावी. पायथ्याशी नितळ पाणी झिरपत असेल, तर काम बरोबर झाले आहे. गढूळ पाणी येत असेल, तर मागची भरणी वाहत आहे. ती जागा उघडून चिपा व मुरूम पुन्हा भरावा.

१९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामांवर राज्यातील असंख्य हातांना काम मिळाले. त्या काळी माती अडविण्यासाठी केवढे श्रम झाले, हे जुन्या माणसांना आठवत असेल. आज एका खांडीसाठी घरच्याच माणसांचे थोडे दिवस आणि आपल्याच शेतातले दगड पुरतात. येत्या उन्हाळ्यात आपल्या वावराचा धुरा एकदा चालून पाहावा आणि हे काम मृगापूर्वी हातावेगळे करावे.