डोंगरात वाट चुकल्यावर : मदतीचा इशारा

डोंगरात मदतीचा इशारा ओळखू येतो तो त्याच्या नियमितपणामुळे. एकदाच वाजलेली शिट्टी गुराख्याची असू शकते, एकदाच चमकलेला उजेड कुणा वाटसरूच्या बॅटरीचा. तेच ठरावीक अंतराने होत राहिले की कुणीतरी अडचणीत आहे हे कळते. लंडनच्या अल्पाइन क्लबने १८९४ मध्ये आल्प्ससाठी ठरवलेला संकेत याच तत्त्वावर आहे. मिनिटात सहा इशारे, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक. मग मिनिटभर शांतता. मग पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन इशाऱ्यांनी उत्तर द्यायचे. मधली शांतता उत्तर ऐकण्यासाठी असते, ती गाळू नये. उत्तर आल्यावरही इशारे थांबवू नयेत. दरीत आवाज कड्यांवर आपटून फिरतो, त्यामुळे शोधणाऱ्यांना दिशा लागायला वेळ लागतो.

यासाठी शिट्टीइतके भरवशाचे साधन नाही. ओरडून घसा बसतो. शिट्टी दमलेला माणूसही बराच वेळ वाजवू शकतो. आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिट्टी भिजली तरी वाजते. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलातच ती असते, पण अनेकांच्या ते लक्षात येत नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या किंवा धबधब्याच्या आवाजात शिट्टी विरते; सुरक्षित असेल तर त्यापासून थोडे दूर बसावे. अंधारात हाच सहाचा संकेत बॅटरीने द्यावा.

आरशाची तिरीप स्वच्छ उन्हात काही किलोमीटरवरून दिसते, मात्र धुक्यात तिचा उपयोग नाही. जाळ करून धूर काढण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत हमखास असतो. सह्याद्रीत तो पाळू नये. दिवाळीनंतर इथले गवत वाळू लागते आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने वणवा पेटतो. त्यात आधी अडकेल तो वाट चुकलेलाच. हेलिकॉप्टर दिसलेच तर दोन्ही हात तिरके वर धरावेत, त्याचा अर्थ ‘मदत हवी’ असा होतो. एकच हात हलवू नये. सह्याद्रीत मात्र बहुतेक शोध गावकरी आणि गिर्यारोहक पायी घेतात. त्यामुळे वाट चुकल्याचे कळताच एका जागी थांबणे फार महत्त्वाचे. हलणाऱ्या माणसाचा इशारा दर वेळी नव्या दिशेने येतो.

मोबाइलवरून आधी ११२ लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून हा फोन लागू शकतो. जीपीएसला रेंज लागत नाही. त्यावर दिसणारे अक्षांश-रेखांश एसएमएसमध्ये लिहून घरी पाठवावेत. बोलणे होत नाही तिथेही एसएमएस कधी कधी जातो. एरवी फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण रेंज शोधण्यात बॅटरी लवकर संपते.

सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे भारतात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. परदेशातून ट्रेकसाठी येणाऱ्या नातेवाइकांना हे निघण्यापूर्वीच सांगावे.