तेलदाबमापक, मालमोटारीतील

एंजिनातील वंगणतेलाचा दाब चालकास दाखविणारे उपकरण. मालमोटारीच्या डीझेल एंजिनात तळाच्या टाकीतील तेल पंपाने उपसून गाळणीतून भुजादंडाच्या व इतर धारव्यांकडे पाठविले जाते. हा दाब नाहीसा झाल्यास धारवे अल्पावधीत जळून एंजिन अडकते. त्यामुळे दर्शक शून्यावर आल्यास मापकच बिघडला आहे असे गृहीत न धरता एंजिन ताबडतोब थांबवावे लागते.

यांत्रिक प्रकारात एंजिनातील तेल बारीक नळीने थेट मापकातील चपट्या, वक्र नळीत येते. दाबाने ही नळी किंचित सरळ होते व दर्शक फिरतो. अशा नळीच्या मापकाचे एकस्व फ्रेंच अभियंते बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये घेतले. विद्युत् प्रकारात एंजिनावर बसविलेल्या संवेदकाचा रोध दाबानुसार बदलतो व त्यावर दर्शकाचे स्थान ठरते.

दोषनिदान : प्रथम मोजपट्टीने तेलाची पातळी पाहतात. नंतर संवेदक काढून त्या जागी खात्रीचा यांत्रिक मापक लावतात व एंजिन चालू करतात. काही सेकंदांत दाब न दिसल्यास एंजिन बंद करतात. दाब खरोखरच कमी असेल, तर दोष पंप, दाबनियामक झडप, तुंबलेली जाळी किंवा झिजलेले धारवे यांत असतो. दाब योग्य असेल, तर विद्युत् मंडल तपासतात.

त्यासाठी एंजिन बंद ठेवून चावीने विद्युत् पुरवठा सुरू करतात. संवेदकाची तार काढल्यावर दर्शक एका टोकास व ती एंजिनाच्या स्वच्छ धातूस क्षणभर टेकविल्यावर दुसऱ्या टोकास गेला, तर मापक व तार सुस्थितीत असून दोष संवेदकात किंवा त्याच्या धातूजोडणीत असतो. आट्यांवर गुंडाळलेल्या फितीनेही ही जोडणी तुटू शकते. दर्शक न हलल्यास हीच कसोटी मापकाच्या अग्रावर घेतात. तेथे तो हलला, तर तार सदोष असते. न हलल्यास वितळतार व पुरवठा पाहून मगच मापक बदलतात. संवेदकाचा संदेश इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे जात असल्यास मात्र तार अशी टेकवीत नाहीत, कारण त्यामुळे नियंत्रक बिघडू शकतो.

नव्या संवेदकाची रोधमर्यादा मापकाशी जुळणारी असावी लागते. अन्यथा दोन्ही भाग निर्दोष असूनही दाब चुकीचा दिसतो. म्हणून दुरुस्तीनंतरचे वाचन यांत्रिक मापकाशी पुन्हा ताडून पाहतात.