आणेवारीचें गणित

राज्यकारभार आणि आंकडे यांचें नातें फार जुनें आहे. परंतु आंकडा कागदावर उतरला म्हणजे तो खरा ठरला, असें मात्र नाहीं. काय मोजलें, कसें मोजलें आणि त्यांत चूक किती असूं शकेल, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून त्याच्या आधारें निर्णय करणें धोक्याचें असतें. संख्यात्मक संशोधनाचें शास्त्र या तीन प्रश्नांभोंवतींच उभें आहे. तें आपण आणेवारीच्या उदाहरणानें पाहूं.

इ. स. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांतील खेडा जिल्ह्यांत सत्याग्रह झाला, हें आपणांस ठाऊक आहेच. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीं शेतसाऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. सरकारी अंदाजानें पीक चार आण्यांहून अधिक होतें. शेतकऱ्यांच्या मतें तें त्याहून कमी होतें. गांधीजी व वल्लभभाई पटेल यांनीं शेतकऱ्यांची बाजू घेतली. सधनांनीं सारा भरावा व गरिबांना तहकुबी मिळावी, अशा तडजोडीवर अखेर जून महिन्यांत लढा थांबला. एका आंकड्याच्या वादांत शेतकऱ्यांच्या जमिनी व गुरेंढोरें पणास लागलीं होतीं!

आतां पहिला प्रश्न घेऊं. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पण पूर्ण कोणतें? उत्तम वर्षाचें, कीं सरासरी वर्षाचें? माप निश्चित नसेल, तर दोन प्रामाणिक माणसेंही एकाच शेताची आणेवारी निरनिराळी सांगतील. म्हणून मोजणीपूर्वीं व्याख्या ठरली पाहिजे.

दुसरा प्रश्न मोजण्याच्या रीतीचा. नजरेच्या अंदाजांत पाहणाऱ्याचें मन मिसळतें. रस्त्यालगतचींच शेतें पाहिलीं, तर आडबाजूचीं सुटतात. यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून शेतें निवडणें. यास यादृच्छिक नमुना म्हणतात. यांत निवड करणाऱ्याच्या आवडीनिवडीस वावच उरत नाहीं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी नमुना-पद्धतीनें केली. सातारा जिल्ह्यांत जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पुढील दशकांत धान्याच्या पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध रूप दिलें. कापणीचा तुकडा फार लहान असेल, तर कडेचीं रोपें आंत धरलीं जाऊन उत्पन्न फुगतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. निवड निर्दोष असूनही माप सदोष असूं शकतें, हा यांतील धडा होय.

तिसरा प्रश्न चुकीच्या मर्यादेचा. समजा, एका तालुक्यांतील २५ शेतें अशा रीतीनें निवडलीं; त्यांची सरासरी ४.४ आणे आली आणि शेताशेतांतील फरकाचें माप, म्हणजे प्रमाण विचलन, १.५ आणे निघालें. १.५ ला २५ च्या वर्गमूळानें, म्हणजे ५ नें, भागिल्यास ०.३ येतात. याची दुप्पट दोन्हीं बाजूंस धरली, तर खरी सरासरी ३.८ ते ५ आण्यांच्या दरम्यान असावी, इतकेंच बऱ्याच खात्रीनें म्हणतां येतें. चार आण्यांची सीमा या टप्प्यांतच पडते. तेव्हां निर्णय होऊं शकत नाहीं. १०० शेतें पाहून सरासरी तीच आली, तर टप्पा ४.१ ते ४.७ असा आंखडेल आणि पीक सीमेच्या वर आहे, असें म्हणतां येईल. चूक निम्मी करावयाची, तर नमुना चौपट करावा लागतो. श्रम आणि खर्च यांचा मेळ येथेंच घालावा लागतो.

१९५७ सालीं दशमान नाणीं आल्यानंतर आणेवारीची पैसेवारी झाली. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत कापणी प्रयोगांवरून काढलेलें सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशीं ताडून भरपाई ठरविण्याची रीत आहे. म्हणजे जुना प्रश्न नव्या वेषांत उभाच आहे.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पीक बुडालें असतां सारा घेणें ही एक चूक, आणि पीक आलें असतां तो तहकूब करणें ही दुसरी. या दोन्हींचा संभव किती, हें गणित सांगतें. परंतु त्यांतील अधिक जड कोणती, हें गणित सांगत नाहीं. तो निवाडा राज्यकर्त्यांनीं करावयाचा असतो, आणि त्याचा जाब विचारणें हें आपणां नागरिकांचें काम आहे.